पडद्याआडची साथ

६ जानेवारी, शोवा ३८ (सन १९६३)

नववर्षाची भेट म्हणून निशिवाकींनी ही वही दिली. निशिवाकी म्हणजे ओसाकातल्या आमच्या तामाए थिएटरचे मालक. दरवर्षी पंचा देतात, यंदा वही. मी म्हटलं, बावन्नाव्या वर्षी मी वहीत काय लिहू? ते काहीतरी म्हणाले आणि हसले. हल्ली निशिवाकी तोंडातल्या तोंडात बोलतात. नवीन कवळी बसवली आहे, तिचा परिणाम असावा.

पण वही उपयोगी पडेल. गेल्या वर्षी माझी तीन-चार भांडणं झाली ती एकाच कारणाने. लोक सांगतात एक आणि मागून म्हणतात, आम्ही दुसरंच सांगितलं होतं. घरमालकीण मासेबाईंनी मला सांगितलं की हमामखाना मंगळवारी बंद. मी गुरुवारी घमेलं घेऊन गेले तर दाराला कुलूप. त्या म्हणतात, मी गुरुवारच म्हणाले होते. आता जे कानावर येईल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

आज वर्षाचा पहिला खेळ. सावानोया कानसुईबुवांनी गेनशिची नावाड्याची कथा लावली होती. बुवा त्रेसष्टचे झाले. त्यांच्या साथीला मी तीन तारांची शामिसेन धरून बसते त्याला या वसंतात सव्वीस वर्षं होतील. बसते ती बाजूला, घडीच्या पडद्याआड. नानिवाबुशीत, म्हणजे आमच्या या गाऊन कथा सांगण्यात, गाणारा सगळ्यांना दिसावा आणि साथ करणारी कुणाला दिसू नये, अशी रीत. बुवा आज कुठे थांबतील, कुठे रडतील, हे त्यांनाही आधी ठाऊक नसतं. ते आपण पडद्याआडून ओळखायचं, तार छेडायची आणि "हां", "योऽ" असा हुंकार देऊन त्यांना पुढे न्यायचं. आमच्या धंद्यात म्हणतात की कानसुई गातो आणि इने, म्हणजे मी, त्याचा श्वास घेते. हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

खुर्च्या दोनशे, माणसं एकसष्ट. घरोघरी टीव्ही आले, दुसरं काय.

२० जानेवारी

बुवांचा आवाज विरत चाललाय. लिहायला हात धजत नाही, पण ही वही कोण वाचणार आहे?

गेनशिची आपल्या मुलाला परक्याच्या होडीत बसवतो, तिथे बुवा वर चढतात आणि मग तो सूर हळूहळू बारीक करत सोडून देतात. होडी लांब जाते तसा. तो सोडलेला सूर ऐकायला पूर्वी लोक साकाईहून, नाराहून येत. आज तो मधेच नाहीसा झाला. शेवट मला सापडलाच नाही. अंदाजाने तार छेडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुनी माणसं आहेत, माया आहे.

२३ जानेवारी

आज बुवांना न सांगता पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, म्हणजे वर चढताना त्यांना त्रास नको. खेळ संपल्यावर त्यांनी विचारलं, "थंडीने तारा उतरल्या का गं?" मी म्हटलं, हो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली.

पट्टीच्या बाबतीत आजवर बुवांना कुणी फसवू शकलं नव्हतं. आज मी फसवलं. घरी आले, भात टाकला आणि चुलीपाशी बसून रडले. नवरा बर्माच्या लढाईतून परत आला नाही तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा निदान दुसऱ्या दिवशी खेळ होता.

१२ फेब्रुवारी

बुवांना नवीन खोड लागली आहे. प्रत्येक कडवं सुरू करण्याआधी मिटलेला पंखा समोरच्या मेजावर ठक् करून आपटतात. मेजावर जरीचं कापड आहे, त्यावरून नुसताच हादरा येतो, पण माझ्या आसनापर्यंत पोचतो. फार गावठी दिसतं. मी तसं बोलले.

"म्हातारपणाचे चाळे," ते म्हणाले. "चालवून घे."

चालवून घेते. खरं सांगायचं तर मला त्याने सुरुवात पकडायला बरं पडतं.

२६ फेब्रुवारी

टोफूवाल्याने भोंगा वाजवणं सोडलंय. आठवड्यात तिसऱ्यांदा चुकला. मासेबाई म्हणतात, दारावरून वाजवत गेला. त्यांना काय, त्या दिवसभर खिडकीत.

१७ मार्च

आज फार वाईट दिवस.

बुवा निशिवाकींना म्हणाले, पुढच्या महिन्यापासून पडदा काढा. मला वाटलं, फाटलाय म्हणून काढतायत. तर नाही, पडदाच नको. मी उघड्यावर, त्यांच्या नजरेसमोर बसायचं. मी विचारलं, माझ्या हातून काय चुकलं? ते म्हणाले, काही नाही, पडदा जुनाट दिसतो, टीव्हीच्या काळात लोकांना सगळं दिसायला हवं असतं. असं बुवा म्हणतात! ज्यांनी आपल्या घरात टीव्ही शिरू दिला नाही!

सव्वीस वर्षं लोकांनी माझा हात ऐकला, तोंड पाहिलं नाही. आता या वयात चेहऱ्याला पावडर फासून बसायचं. मी म्हटलं, मला नाचणारी करायची आहे का? ते हसले नाहीत. म्हणाले, "इने, माझं एवढं ऐक."

ऐकलं.

९ एप्रिल

पडदा गेल्यापासून साथ पुन्हा चांगली जमू लागली आहे, हे कबूल करायला हवं. बुवा गाताना अर्धे माझ्याकडे वळून उभे राहतात. हनुवटी उचलली की चढणार, डावा खांदा पडला की थांबणार. इतकी वर्षं पडद्यामुळे हे कधी दिसलं नव्हतं.

मात्र आज निशिवाकींनी नागोयाची एक मुलगी आणली. सातोए नाव, चोवीस वर्षांची, उत्तम शामिसेन वाजवते म्हणे. तिला मागच्या खोलीत बसवून निशिवाकी आणि बुवा बाहेर गल्लीत बोलत उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं. निशिवाकी स्वतःच्या कानावर बोट ठेवून काही समजावत होते. मुलीचं ऐकून तरी बघा, असंच म्हणत असणार. बुवा लाल झाले होते. इतक्या जोरात बोलत होते की समोरचा नूडल्सवाला बाहेर आला, आणि तरी मला एक शब्द कळला नाही. खिडकीची काच जाड आहे.

संध्याकाळच्या गाडीने सातोए परत गेली. जाताना माझ्यासमोर इतकी खाली वाकली की मला कीव आली. वाजवत असेल चांगलं, पण बुवांच्या साथीला बसायचं म्हणजे खेळ नाही.

बुवांना विचारलं काय झालं. म्हणाले, काही नाही, भाड्याचं बोलत होतो.

१९ मे

बुवांचा आवाज परत आला! जानेवारीत मला वाटलं होतं की हे वर्ष काही निघत नाही. पण गेले दहा दिवस असा घुमतोय की पाठीच्या कण्यातून जातो. तो सोडलेला सूरसुद्धा आता ते बारीक करत नाहीत, भरदार ठेवतात आणि एकदम तोडतात. पूर्वीची गंमत त्यात नाही, पण शेवट कुठे आहे ते नक्की कळतं. मी आल्याचा पाक करून देते, कच्ची अंडी देते, त्याचा गुण आला असं मनात म्हणते. पट्टीही पुन्हा वर नेली.

पहिल्या रांगेत बसणारे तांदळाचे एक म्हातारे व्यापारी खेळानंतर मुद्दाम जवळ आले आणि मला म्हणाले, अगदी तोंडाशी तोंड आणून, "कानसुईला सांग, आम्ही बहिरे नाही. एवढं ओरडायचं कशाला?"

लोकांचं हे असं. हळू गायलं तरी नाव ठेवणार, मोठ्याने गायलं तरी ठेवणार.

३० जून

आज माझ्या हातून... नाही. बुवांच्या हातून चूक झाली.

सकाळपासून त्यांचा घसा बसला होता. मीच म्हटलं, आज सांभाळून गा. त्यांनी हळू गायलं. आई आणि मुलगा किनाऱ्यावर निरोप घेतात तिथे कडवं संपलं असं समजून मी शामिसेनचा मधला तुकडा सुरू केला, दणक्यात. पुढे पाहते तर बुवांचे ओठ हलतायत. तीन ओळी माझ्या तारांखाली बुडाल्या. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं. हसताना दिसलं.

बुवा थांबले, पंखा खाली ठेवला आणि लोकांसमोर वाकून म्हणाले की माझ्याकडून शब्द चुकले, माफी असावी. मग तेच कडवं पुन्हा घेतलं. मोठ्याने.

ते ओळी विसरले होते, हे त्यांनीच सांगितलं. मी का झोपत नाही मग?

८ ऑगस्ट

उन्हाने जीव नकोसा झालाय, पण यंदा रातकिड्यांचा आणि झाडावरच्या किड्यांचा पत्ता नाही. एरवी देवळाच्या आवारात त्यांनी डोकं उठतं. मासेबाईंना म्हटलं, बॉम्ब पडले त्या वर्षीसुद्धा किडे ओरडत होते, यंदा काय झालं. त्या कपडे वाळत घालता घालता थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि कलिंगडाची मोठी फोड घेऊन आल्या. एवढी मोठी त्यांनी कधी दिली नव्हती.

१५ सप्टेंबर

आजचं आजच लिहिते.

आज वृद्धांच्या दिनाचा खास खेळ, थिएटर भरलं होतं. कितीतरी वर्षांनी मागे माणसं उभी. बुवांनी गेनशिची लावला. सकाळपासून ते थुंकीच्या भांड्यापाशी जात होते. मी दोनदा म्हटलं, छोटी कथा घ्या. त्यांनी हाताने नाही म्हटलं.

होडीच्या जागी आले. हनुवटी वर गेली. मी तार दिली, हुंकार दिला. ते चढले, आणि मला तो सूर आला, सगळा आला, छातीत आला. मग खांदा पडला. थांबायची जागा नव्हती ती. मी वर पाहिलं तर ते मेजाची कड धरून उभे होते, तोंड उघडं, आणि हनुवटीवरून रक्त जरीच्या कापडावर. लोकांना आधी वाटलं अभिनय आहे. मीही क्षणभर वाजवत राहिले. ते मला कधी विसरता येणार नाही. मी वाजवत राहिले.

१७ सप्टेंबर

इस्पितळ. घशातली शीर फुटली, स्वरतंतू फाटले. कित्येक महिने ताकदीबाहेर ओरडत होते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं लिहून घेतलं, म्हणून नक्की सांगते. बोलणं पुढे कुजबुजीइतकं येईल. गाणं संपलं.

बुवांना पाटी दिली आहे. त्यावर त्यांनी पहिलं लिहिलं ते हे: शामिसेन घरी नेलीस ना? दमट जागी ठेवू नकोस.

मी त्यांना रागावले. कुणी सांगितलं होतं एवढं ओरडायला? म्हाताऱ्या व्यापाऱ्याने सांगितलं, मी सांगितलं, कुणाचं ऐकाल तर शपथ. त्यांनी पाटी पुसून बाजूला ठेवली.

२० सप्टेंबर

घसा आणि कान एकाच डॉक्टरकडे असतात हे मला माहीत नव्हतं.

मी बुवांच्या उशाशी पेज घेऊन बसले होते. बुवांची नजर माझ्या मागे गेली म्हणून वळले तर डॉक्टर उभे. त्यांनी मला नावाने चारदा हाक मारली होती, हे मला नर्सने नंतर सांगितलं. डॉक्टर मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी आपटून कानाजवळ धरलं आणि विचारलं, ऐकू येतंय? मी म्हटलं, वाजवा तरी. मग तेच कानामागच्या हाडावर टेकवलं. गुं असा आवाज डोक्यात भरला. मग ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मी वाट पाहत बसले. किती वेळ. शेवटी ते समोर आले आणि कागदावर लिहिलं: मी तुम्हाला सात प्रश्न विचारले.

दोन्ही कान. निदान चार वर्षं जुनं. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर शस्त्रक्रियेने बरंच वाचवता आलं असतं. आता उशीर झाला. कागद माझ्याकडे आहे. वहीत चिकटवणार होते, पण नको.

ही वही पहिल्या पानापासून वाचली. टोफूवाला. हमामखाना. निशिवाकींची कवळी.

२३ सप्टेंबर

निशिवाकी घरी आले. मी म्हटलं, सगळं सांगा, माझ्यासमोर बसा आणि मोठ्याने सांगा. बिचारे ओरडून ओरडून घामाघूम झाले. मासेबाई दाराशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या, म्हणजे त्याही जाणून होत्या.

सगळ्यांना ठाऊक होतं. मी तारा लावायचे त्या दोन वर्षांपासून कधी वर, कधी खाली लागायच्या. जानेवारीत पट्टी उतरवली तेव्हापासून बुवा रोज सकाळी नदीकाठी जाऊन खालच्या पट्टीचा रियाज करत, या वयात. पंख्याचा ठोका माझ्यासाठी. पडदा काढला तो माझ्यासाठी. एप्रिलमध्ये निशिवाकींनी सातोएला आणली तेव्हा बुवा म्हणाले होते, इने उठली की मीही उठलो. आणि मे महिन्यापासूनचं ओरडणं.

मी विचारलं, तुमच्यापैकी कुणी मला सांगितलं का नाही?

निशिवाकी म्हणाले, "बुवांनी शपथ घातली होती."

२५ सप्टेंबर

इस्पितळात गेले. जाताना मनात हजार गोष्टी होत्या. पाय धरायचे होते. पण समोर गेल्यावर तोंडातून निघालं ते वेगळंच.

मी म्हटलं, "दोन वर्षं तुम्ही मला वेडी बनवलंत. अख्खं थिएटर माझ्यावर दया करत होतं आणि मी पावडर लावून बसले होते. दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत तर माझे कान वाचले असते आणि तुमचा गळाही."

किती मोठ्याने बोलले कोण जाणे. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

बुवांनी पाटीवर लिहिलं. अक्षर वाकडं. "सांगितलं असतं तर तू शामिसेन खाली ठेवली असतीस." ते पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "दुसऱ्याच्या साथीला मला गाता येत नाही. माझा स्वार्थ होता."

मी पाटी त्यांच्या हातातून घेतली, खाटेवर पालथी ठेवली आणि निघून आले.

४ ऑक्टोबर

नऊ दिवस इस्पितळात गेले नाही.

राग कुणाचा ते मला सांगता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी गळा फाडला, हे माझ्या उरावर कुणी ठेवायला सांगितलं होतं? आणि मी तरी. मासेबाईंना कधी म्हटलं का, की नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा? एकदाही नाही. कानावर पोट असलेल्या बाईने हे कसं म्हणायचं? त्यापेक्षा लोक तोंडातल्या तोंडात बोलतात हे बरं.

१० ऑक्टोबर

गेले. दोघंही त्या दिवसाबद्दल बोललो नाही. त्यांच्यासाठी उडोनचे नूडल्स नेले होते, मऊ शिजवून. त्यांनी सगळं खाल्लं. डॉक्टर पुढच्या महिन्यात सोडणार. त्यांना बायको नाही, मूल नाही. उवाजिमाच्या पुढे एका बेटावर त्यांच्या धाकट्या भावाचं घर आहे, संत्र्यांच्या बागा आहेत. तिथे जाणार. मी म्हटलं, समुद्राची हवा चांगली.

११ नोव्हेंबर

बुवांना धक्क्यावर पोचवून आले. निशिवाकी आणि मी, दोघंच. तीस वर्षं ज्याच्या नावाच्या कंदिलाखाली रांगा लागल्या त्याला पोचवायला दोघं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात वय चुकीचं.

वारा फार होता. निशिवाकी सामान चढवायला गेले. बुवा माझ्यासमोर उभे राहिले, गळ्यातला लोकरी मफलर सोडून हातात घेतला आणि काहीतरी बोलले. कुजबूज. बोटीचं धूड बाजूला थरथरत होतं. पाटी पेटीत गेलेली. वाऱ्याने मफलर तोंडापुढे उडत होता, त्यामुळे ओठही दिसेनात. मफलर मला देऊ करत असणार, मी नुसत्या किमोनोत गेले होते. मी म्हटलं, "नको, नको. त्याची काही गरज नाही."

 त्यांनी मान हलवली, मफलर पुन्हा गुंडाळला आणि शिडी चढून गेले. वरून त्यांनी हात केला नाही. थंडीमुळे आत गेले असतील.

२ डिसेंबर

निशिवाकींनी थिएटर विकलं. तिथे बोलिंगचा खेळ होणार आहे. मी लोणच्याच्या दुकानात मुळे कापायला जाते. मालक चांगला आहे, बोटाने दाखवून सांगतो.

१४ जानेवारी, शोवा ३९

शामिसेन काढली. दांडीच्या टोकाला हनुवटी टेकवून वाजवलं तर हाडातून आवाज येतो. चांगला येतो. पण मला स्वतःचं वाजवणं कधी ऐकायचंच नव्हतं. मी वाजवायचे ते ऐकून पुढे जाणारं कुणी असायचं. परत गुंडाळून ठेवली.

बुवांना नववर्षाचं कार्ड पाठवलं होतं. उत्तर नाही.

८ फेब्रुवारी

बुवांच्या भावजयीचं पत्र आलं. योनेको नाव. साधं, शेतकरी बाईचं अक्षर. उतरवून घेते.

"आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. भाऊजी नीट जेवत नाहीत. पंधरा दिवसांपासून छातीत कफ आहे, डॉक्टर फुप्फुसाचं म्हणतात. तुमचं कार्ड त्यांनी उशाखाली ठेवलंय, पण उत्तर लिहा म्हटलं तर लिहीत नाहीत. खूप विचारलं तेव्हा पाटीवर लिहिलं की ओसाका सोडताना मी तिची माफी मागितली, ती नको म्हणाली, त्याची गरज नाही म्हणाली. तिचं बरोबर आहे, असंही लिहिलं. तुमच्या दोघांत काय घडलं ते आम्हाला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही. पण ते म्हातारे आहेत. दोन ओळी लिहिता आल्या तर पाहा."

दुकानात उभ्यानेच वाचलं. मालकाने माझ्या हातातला सुरा काढून घेतला, मला स्टुलावर बसवलं.

तीन महिने. तीन महिने तो माणूस हे घेऊन बसलाय.

आजच तार केली. पोस्टातल्या मुलीने मजकूर वाचून दाखवला असावा, मी तिला म्हटलं, मला ऐकू येत नाही, लिहून दाखवा. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते एका अनोळखी मुलीपाशी. तिने लगेच लिहून दाखवलं. एवढंच होतं ते.

तारेत लिहिलं: त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं. निघाले. इने.

१० फेब्रुवारी

बेटावर.

समुद्र खवळलेला होता. मोठ्या बोटीतून लहान बोटीत उतरताना एका कोळणीने मला पोत्यासारखं उचललं. योनेको धक्क्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या. चढावर दगडी बांध, बांधावर संत्र्याची झाडं, घर अगदी वर. चालताना त्या माझ्याशी बोलत होत्या, मी त्यांना थांबवून सांगितलं की समोर येऊन बोला. मग त्या चढावर उलट्या चालत बोलू लागल्या. तार काल संध्याकाळी पोचली होती. त्यांनी ती भाऊजींना वाचून दाखवली. त्यांनी ती हातात मागून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बुवा खूप वाळले आहेत. गळ्याच्या शिरा दोऱ्यांसारख्या. डोळे तेच. मी अंथरुणाजवळ बसले, दोन्ही हात जमिनीवर टेकले. येताना बोटीत सगळं रचून ठेवलं होतं, कथेसारखं, कुठे थांबायचं तेसुद्धा. त्यातलं काही आठवलं नाही.

मी म्हटलं, "मला वाटलं मफलर देताय."

योनेको दचकल्या, म्हणजे मी ओरडलेच असणार. मला आता माझा आवाज समजत नाही. मी तसंच पुढे बोलत राहिले. म्हटलं, माफी मी मागायची होती. तुमचा गळा मी घेतला. ऐकू येत नाही हे तीन शब्द मला चार वर्षं बोलता आले नाहीत, आणि तुम्ही मात्र माझ्यासाठी रक्त ओकेपर्यंत ओरडलात. तुम्ही सांगायला हवं होतं हे खरं, मी विचारायला हवं होतं हेही खरं. मला राग होता. आता नाही. आता राग कुठे ठेवू? भाऊ, भावजय, त्यांची मुलं, सगळी दाराशी गोळा झाली. माझं ओरडणं खाली बांधापर्यंत गेलं असेल. जाऊ दे.

बुवा हसले. आवाज नाही, खांदे हलले. मग खोकल्याची उबळ आली आणि योनेकोंनी त्यांना टेकू दिला. मुलांना बाहेर घालवलं.

डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. त्यांनी मला बाजूला घेऊन काही सांगितलं नाही, योनेकोंना सांगितलं. मी योनेकोंच्या तोंडाकडे पाहत होते. काही गोष्टी मला आता दुरूनही ऐकू येतात. फार दिवस नाहीत.

खोली पश्चिमेची आहे. ऊन आत आलं होतं. बुवांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

मी म्हटलं, "ऐकू आलं नाही. पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुढे वाकले. तरी नाही. पाटी उशाशीच होती, त्यांनी हात लांब केला, पण मी ती उचलली नाही. म्हटलं, पुन्हा. त्यांनी सावकाश, एक एक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं, तेव्हा ओठांवरून कळलं.

"बोट लागली का तुला?" असं विचारत होते.

मी म्हटलं, लागली. फार लागली.